दर म्हयन्याची मुलाखत

आमच्या घरात मुलाखत म्हंजी एकच. जेलातली. बांधाच्या भांडणात मालकांनी भावकीतल्या एकाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला, तवापासनं ते सांगलीच्या जेलात. म्हयन्यातनं एकदा भेटाय सोडायचे, त्याला मुलाखत म्हणत. भूकंपाच्या आदल्या वरसाची गोष्ट ही. त्या एका दिसापुरती मी मलकापुरापल्याडच्या आमच्या गावातनं भाईर पडायची, ती बी दिराच्या मागनं. एरवी न्हाई. माह्यारला न्हाई, बाजाराला न्हाई. सासू म्हणायची, "माजं पोरगं आत बसलंय, आन तू मोकळी फिरणार व्हय?" मालक आत आन मी बी आत. त्यांस्नी निदान किती वरसं ते ठावं हुतं.

शेजारी मास्तरीणबाई ऱ्हायच्या, शाळामास्तरांची बायको. त्यांनी पेपरात वाचलं, सांगलीच्या एका दवाखान्यात आया पायजेत, चौथी शिकलेली चालंल. मी चौथी पास. अर्ज त्यांनीच लिवला, सही मी केली. मग रोज नदीवर धुणं आपटता आपटता त्या माजी तयारी घ्यायच्या.

"खाली काय बघतेस? तिथं नदी नसणार. त्यांच्या तोंडाकडं बघून बोल."

"परक्या बाप्याच्या तोंडाकडं?"

"डॉक्टर आहे तो, बाप्या नाही!"

आमी दोगी लय हसलो. मग म्हणाल्या, "विचारलं तेवढंच सांगायचं. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. आणि जेलचं काढू नकोस बाई. नवरा काय करतो विचारलं तर शेती आहे म्हण." मी सगळं पाठ केलं.

कागद आला तवा सासू दारातच बसलेली. पोष्टमन म्हणला, "वरचं इंग्रजीत हाय, खालचं वाचतो." आन वाचलं, "मुलाखतीसाठी गुरुवारी सकाळी दहा वाजता सांगली येथे हजर राहावे."

सासू म्हणली, "एवढ्यात आली व्हय मुलाखत? परवाच तर जाऊन आलीस."

"सरकारचं काम, आत्याबाई. बोलावलं तर जायाच पायजे."

"मग जा. दीर गुऱ्हाळावर हाय, एकलीच जा. माज्या लेकाला भाकरी न्हे." चुलीम्होरं बसून तिनं सोता तीळ लावून भाकऱ्या थापल्या.

दवाखान्यात टेबलापल्याड दोन डॉक्टर आन एक मोठ्या सिस्टरबाई. मी दाराला लागून हुबी ऱ्हायले आन मोठ्यानं, भराभरा सगळं सांगून टाकलं. नाव, गाव, चौथी पास, घरची शेती. जेलात तसंच बोलाय लागतं. मधी जाळी, दोनी अंगाला लोकांचा कालवा, आन येळ संपत आलेली.

डॉक्टर हसले. "अहो बाई, हळू! यष्टी चुकतीय का? या, बसा. आधी कधी मुलाखत दिलीय का?"

ह्यो प्रश्न नदीवर झालाच न्हवता.

"व्हय जी. दर म्हयन्याला."

"दर महिन्याला? कुठं?"

"हितंच. जेलात."

तोंडातनं गेलं आन मग कळलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, झालं.

सिस्टरबाईंनी इचारलं, "नवरा आत आहे?"

"व्हय. अजून दोन वरसं."

"पेशंट शिव्या देतात, अंगावर ओकतात."

"शिव्या घरी बी हायत्या. ओकलेलं पुसाय काय लागतंय?"

"सासरचे सोडतील?"

"न्हाई सोडणार."

"मग येणार कशी?"

"ते माजं मी बघते. तुमी फकस्त बोलवा."

सिस्टरबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला खोटं बोलता येत नाही." आन मला, "सोमवारपासून ये. राहायला इथंच खोली मिळेल."

भाईर पायरीवर बसून मी भाकरीचं फडकं सोडलं. त्या दिशी जेलाचा वार न्हवता. मालकांच्या नावाची भाकरी मीच खाल्ली. सगळी खाल्ली. माघारी न्हेली असती तर सासूनं वळखलं असतं.

"कसा हाय माजा लेक?"

"बरं हायत."

"भाकरी खाल्ली?"

"सगळी." आन म्हणले, "सोमवारी परत मुलाखत हाय."

ती माज्याकडं बघत ऱ्हायली. पर सोमवारी उठून तिनं परत भाकऱ्या केल्या, वर गुऱ्हाळाच्या ताज्या गुळाचा खडा ठेवला. "त्याला लय आवडतो," म्हणली.

गठुडं न्हेता येत न्हवतं, म्हणून मी दोन लुगडी एकावर एक नेसले हुते.

"एवढी थंडी वाजतीय व्हय गं?"

"व्हय, आत्याबाई."

गूळ मी खाल्ला न्हाई. फडक्यात बांधून ठिवला. जेलाचा वार आला तवा शिपायाकडनं आत दिला.

"आईनं दिलाय," म्हणले. "आन आवं, मी आता हितंच ऱ्हाते. दवाखान्यात कामाला हाय."

मालकांनी खडा तोंडात टाकला न्हाई, नुसता हातात धरला. "घरी काय सांगितलंस?"

"मुलाखत हाय म्हणून सांगितलं."

त्यांना घर दिसत असंल, मला बी दिसत हुतं. शिपायानं येळ झाली म्हणायच्या आदी मीच निघाले. दुपारच्या पाळीला हजर व्हायचं हुतं.