मैलभराने उतरून बघायचं

जगात जे जे हलतं ते बांधलंच पाहिजे, आणि जे बांधलं ते मैलभराने उतरून पुन्हा बघितलंच पाहिजे, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि नेमका तो माझ्या बायकोचा मामा निघाला. लोकांच्या बायकांचे मामा पोस्टात असतात, शाळेत असतात, उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन येतात. आमचे मामा जीप घेऊन यायचे आणि जीपच्या मागे ट्रेलर. लष्करात ते बिघडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या तुकडीत होते. तिथून सुटल्यावर त्यांनी लिलावातली जुनी जीप घेतली, देवळालीच्या एका लोहाराच्या डोक्यावर बसून चार चाकांचा ट्रेलर करवून घेतला आणि कसाऱ्याच्या घाटात बंद पडलेल्या मोटारी नाशिकला आणून पोचवायचा धंदा सुरू केला. हा ट्रेलर ते जीपपासून कधी सोडत नसत. नात्यातलं बारसं असो की मयत, मामा आले म्हणजे ट्रेलर आला. नाशिक रोडच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणायच्या झाल्या तरी त्या जुड्या ट्रेलरच्या मधोमध ठेवून चार बाजूंनी दोर आवळलेला मी स्वतः पाहिला आहे. घरी पोचेपर्यंत त्या मेथीची भाजी जवळजवळ झालेली असायची, पण जुडी हललेली नसायची.

मोटार ट्रेलरवर चढवणं म्हणजे काम संपलं असं मालकांना वाटायचं. मामांच्या लेखी तिथे काम सुरू व्हायचं. मोटार ट्रेलरच्या मध्यापासून वीतभर पुढेच उभी राहिली पाहिजे, कारण मागे वजन पडलं की ट्रेलर रस्ताभर शेपूट हलवत येतो. मग हँडब्रेक, मग पहिला गिअर, मग चारी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग चार साखळ्या, पुढच्या दोन एकमेकींवरून तिरक्या, मागच्या दोन तशाच. साखळी अडकवायची ती खालच्या अ‍ॅक्सलला. बंपरला दोर बांधा असं कुणी म्हणालंच तर मामा त्याच्या ओठाकडे बघत विचारायचे, "बंपर म्हंजी गाडीची मिशी. तुमाला मिशीला धरून उचललं तर चालंल का?" ट्रेलरवरच्या मोटारीत जिवंत माणूस बसवायचा नाही. वजन घेऊन आडवाटेला जायचं नाही. आणि एवढं सगळं करून निघाल्यावर बरोबर एक मैलाने गाडी थांबवायची, उतरायचं आणि प्रत्येक साखळीवर पाना मारून बघायचा. ताणलेली साखळी ठण् करते, सैल पडलेली खळ करते. "पैल्या मैलात सगळंच बसतं खाली," मामा म्हणायचे. "तवा जे सैल पडायचं ते पडून घेतं. त्या टायमाला माणसानं उतरून बघाया पायजेल." साऱ्या देशात किलोमीटरचे दगड लागून गेले होते, पण मामांचा मैल काही बदलला नाही.

गंगापूर रोडचे एक बडे कंत्राटदार एकदा घाटात अडकले. पांढरे कपडे, हातात तीन अंगठ्या. मामांची साखळ्यांची पूजा बघून त्यांचा जीव वर-खाली होऊ लागला. म्हणाले, "अरे, दोन दोर टाक आणि चल लवकर. आणि मी माझ्या गाडीतच बसणार, तुझ्या खटाऱ्यात नाही." मामांनी चारी साखळ्या सोडल्या, ठोकळे काढले, फळ्या लावल्या, मोटार हळूहळू खाली उतरवून होती त्याच जागी उभी केली आणि चाकामागे आधी जो दगड होता तोच शोधून पुन्हा तसाच ठेवला. मग म्हणाले, "गाडी तुमची. गाठ माझी. गाठ नको तर गाडी इथंच हाय बगा." कंत्राटदार तासाभराने खटाऱ्यात बसून नाशिकला आले. वाटेत, मैलभराने जीप थांबली तेव्हा त्यांनी का थांबलो म्हणून विचारलंसुद्धा नाही.

माझी बायको तेव्हा माझी बायको नव्हती. ती नाशिकला मामांकडे राहून शिक्षिकेचा कोर्स करत होती आणि सुटीत गावी जायची. तिची ट्रंक मामा एस.टी.च्या टपावर स्वतः बांधायचे, आणि एस.टी. निघाली की जीप घेऊन तिच्यामागे सुटायचे. मैलभराने एस.टी.ला आडवे. पहिल्यांदा कंडक्टर घाबरून खाली उतरला, त्याला वाटलं कुणी चाकाखाली आलं. "काय झालं हो?" मामा टपावर चढताचढता म्हणाले, "मैल झाला." वर जाऊन त्यांनी भाचीची ट्रंक तर बघितलीच, पण सगळ्या प्रवाशांच्या ट्रंका, एक शिवणयंत्र आणि कोंबड्यांची एक करंडीही आवळून दिली. कंडक्टर आधी शिव्या देत होता. दिवाळीच्या सुटीला मात्र तो आपणहून मैलभराने घंटी मारून वाट बघत बसला, असं ही सांगते. हिच्या सांगण्यात थोडी भर असते, पण मामांच्या बाबतीत ती घालायची फारशी गरज पडत नाही.

मुलगी बघायला मी गेलो तेव्हा मी बसण्याआधी मामांनी माझी खुर्ची चारी बाजूंनी हलवून बघितली. बसल्यावर माझा खांदा धरून मलाही हलवून बघितलं. काय ठरवलं कोण जाणे, पण होकार आला.

आता लग्नाचं सांगतो. हिचं गाव विंचूरच्या पुढे. नाव सांगत नाही, सासुरवाड आहे आणि अजून दर वर्षी तिथे जावं लागतं. आमच्या समाजाची वस्ती गावाच्या पलीकडच्या टोकाला, आणि डांबरी सडक चावडीसमोरून वस्तीकडे जाते. लग्नाच्या चार दिवस आधी चावडीवरून सासऱ्यांना निरोप आला की वऱ्हाडाने मागच्या, ओढ्याकडच्या वाटेने यावं. चावडीपुढून आलंच तर वाजवायचं नाही आणि थांबायचं नाही. आमच्या माणसांची वरात चावडीपुढे उभी राहिली असं त्या गावात तोवर कधी घडलं नव्हतं. आम्ही बौद्ध झालो त्याला वर्षं लोटली होती, मी सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून साहेबाच्या कागदांवर शेरे मारत होतो, पण तो निरोप ऐकला आणि मी गपचूप ओढ्याची वाट कबूल केली. उगाच कशाला, लग्न नीट पार पडू दे, असं म्हणालो. शहाणपणाचं बोललो असं सगळ्यांना वाटलं. मला स्वतःला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. रात्रभर लाज वाटत होती, हे आज सांगतो.

कचेरीतल्या एका मित्राने आपली जुनी मोटार दिली होती. झेंडूच्या माळा, काचेवर बुद्धाची तसबीर, मागे वऱ्हाडाचा ट्रक, त्यावर निळे झेंडे आणि बँडवाले. आणि ट्रकच्या मागे जीप-ट्रेलर. मुलीचे मामा म्हणून ते खरं तर मांडवात हवे होते, पण त्यांनी आदल्या दिवशी त्या मोटारीचा क्लच दाबून बघितला होता आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता. गावाच्या अलीकडे एक मोरी आहे, त्या मोरीवर क्लचने मामांचा शब्द खरा केला. मोटार थांबली आणि मामा जीपमधून उतरले. इतका आनंदी चेहरा मी त्या लग्नात दुसऱ्या कुणाचाच बघितला नाही, माझा धरून.

मोटार चढली. ठोकळे, हँडब्रेक, गिअर, चार साखळ्या. आमच्यात मुहूर्त नसतो, पण भुकेची वेळ असते, आणि ट्रकमधून तशा हाका यायला लागल्या होत्या. मामांनी काही ऐकलं नाही. मोटारीत बसायची मनाई, म्हणून मी पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून उघड्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी चढलो.

"मामा, ओढ्याकडनं घ्यायचंय," मी हळूच म्हणालो.

"वजन घेऊन आडवाट नाय."

"पण ठरलंय तसं. चावडीवर लोक बसलेत."

"बसू द्या की. ओढ्यात ट्रेलर आडवा झाला तर ते येणार हायेत का उचलायला? ह्यो रस्ता सरकारचा हाय, नवरदेव. डांबर कुणाच्या बापाचं नाय."

जीप सडकेने निघाली. मागे ट्रकमधला आवाज आपोआप बंद झाला. चावडी दिसली. ओट्यावर दहाबारा माणसं, मधे फेटेवाले एक वजनदार गृहस्थ. मी माझ्या नव्या बुटांकडे बघत मनात म्हणत होतो, सरळ निघून जा, सरळ निघून जा. आणि बरोबर चावडीसमोर जीप थांबली. मामांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी बुटांकडे बघतच विचारलं.

"मैल झाला," मामा म्हणाले आणि पाना घेऊन उतरले.

पहिली साखळी. ठण्. त्या शांततेत तो आवाज गावभर गेला असेल. दुसरी. ठण्. फेटेवाले उठून उभे राहिले. "थांबायचं नाय असा निरोप धाडला व्हता."

मामांनी मान वर केली नाही. "माणसाला मिळाला निरोप. साखळीला मिळाला नसंल." तिसरी साखळी, ठण्. "पुढं उतार हाय, आन उताराखाली शाळेची भिंत हाय. गाडी सुटली तर कुणाची पोरं हायेत तिथं? तुमचीबी हायेत, आमचीबी हायेत. सोडू का अशीच?"

चौथी साखळीही ठण् वाजली होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी मामांनी डोकं हलवलं, ती पूर्ण सोडली आणि मला हाक मारली, "नवरदेव, खाली उतरा. हे टोक धरा."

मी उतरलो. गळ्यात हार, हातात वंगणाने माखलेली साखळी, समोर चावडी. साखळी धरलेल्या माणसाला कापून चालत नाही, ती लगेच वाजते. मी जोर लावून उभा राहिलो आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी चावडीकडे बघतो आहे आणि खाली बघायची आठवण राहिलेली नाही. ट्रकमध्ये ऊन लागत होतं म्हणून आमच्या बायका एकेक करून उतरल्या आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या. ओट्यावरच्या एका ट्रॅक्टरवाल्याला शेवटी राहवलं नाही. "साखळ्या अशा तिरक्या कामून बांधल्या?" त्याने विचारलं. मामांनी त्याला जवळ बोलावून सगळं समजावलं, घाई न करता, दोनदा. मग त्यांनी पुन्हा पहिल्या साखळीपासून सुरुवात केली. ठण्. ठण्. तिसऱ्या ठोक्यानंतर ट्रकमधल्या ढोलवाल्याने एक थाप दिली. सगळे थिजले. चौथा ठोका पडला, त्यावर दुसरी थाप पडली, आणि मग बँडवाल्यांनी कुणाला विचारलं नाही. फेटेवाले तोंड फिरवून आत गेले. आम्ही वाजवत निघालो तेव्हा मांडवातली माणसं निम्म्या वाटेवर धावत आली होती. त्यात हीसुद्धा होती, आणि नवरीने असं धावायचं नसतं हे तिला आजही मान्य नाही.

लग्नानंतर महिन्याभराने मामा घरी आले. चहा पिऊन झाल्यावर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "काय, सैल-बिल पडलं नाय ना?" नाही म्हटल्यावर निघून गेले. पुढे आमच्या दोन्ही मुलांच्या जन्मानंतर, आणि माझ्या बदलीच्या वेळीही, ते असेच उतरून बघून गेले. मग एका हिवाळ्यात, छातीच्या दुखण्याने, मामा गेले. जीप कुणीतरी घेतली. ट्रेलर आग्रा रोडच्या एका गॅरेजमागे गवतात उभा आहे. तिकडून जाताना मी बघत नाही. बघवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं स्कूटरवरून सासुरवाडीला निघालो होतो. मोरी आली. काय मनात आलं कोण जाणे, मी मीटरचा आकडा बघून ठेवला आणि चावडी दिसेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. चावडी आली तेव्हा एक किलोमीटरही भरला नव्हता. आठशे मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा मैल. ज्या माणसाने एस.टी.लासुद्धा एक मैल पुरा करू दिला, गंगापूर रोडच्या कंत्राटदारासाठीही जो कधी वीतभर अलीकडे थांबला नाही, त्याने त्या दिवशी माझ्यासाठी अर्ध्या मैलाला मैल म्हटलं होतं. डोळे भरून आले आणि पुढचा रस्ता दिसेना.

आजही आमची माणसं त्या चावडीपुढून ताठ मानेने जातात, पण कामाशिवाय सहसा थांबत नाहीत. मी स्कूटर बरोबर समोर थांबवली आणि इंजिन बंद केलं. उतरलो. मागे कॅरिअरला बांधलेली पिशवी धरून हलवली. गाठ पक्की होती. तरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. हिने एकदा चावडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि येऊन दोराचं दुसरं टोक धरलं.

ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, "काय झालं, पाव्हणं? का थांबले?"

"काही नाही," मी म्हणालो. "मैल झाला."