घट वजा जाता

आठवीतून शाळा सुटली आणि मी सुरतेजवळ उधन्याला यंत्रमागावर कामाला लागलो. साठीचं दशक संपत आलं होतं. खोलीत आम्ही सहा जण, सगळे खानदेशातले. त्यातल्या सर्वांत जुन्या कारीगराला आम्ही काका म्हणायचो. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढून त्यांचे कान पार गेले होते. ते आमच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. पाचव्या वर्षी माझ्याही डाव्या कानात शिट्टी वाजू लागली, आणि काकांकडे बघायची मला भीती वाटू लागली.

शेठ एकदा सहज म्हणाले होते, "मॅट्रिक थई जा, पछी ऑफिसमां बेस." मॅट्रिक झालो की ऑफिसात बसायचं. ते ऑफिस मागांपासून लांब, अंगणापलीकडे होतं. तेवढ्यावर मी बाहेरून मॅट्रिकचा फॉर्म भरला. केंद्र नंदुरबार. खोलीत चेष्टा सुरू झाली, "सायेब व्हई ग्या का रे भाऊ?" भाषा, इतिहास जमत होतं. विज्ञानाने घाम फोडला.

ते शिकवलं मराठी शाळेतल्या एका बाईंनी. त्यांचे यजमान बँकेत होते. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या मला ओसरीवर बसवत, आधी चहा देत, मग पुस्तक उघडत. एका अनोळखी मागवाल्यासाठी त्यांनी हे का करावं, मला आजही कळलेलं नाही. त्यांचं ऋण माझ्यावर आहे, एवढंच कळतं.

गच्चीवर जिन्याने जा नाहीतर शिडीने, गुरुत्वाकर्षण फक्त उंची विचारतं, वाट विचारत नाही, असं त्या सांगायच्या. वर जाताना घेतलेलं सगळं ते खाली येताना परत देतं. घर्षण मात्र पावलापावलाला घेतं आणि परत काही देत नाही. एकदा त्यांनी ओसरीवरचा झोपाळा खांबापर्यंत मागे ओढून सोडला. जाऊन परत आला तो खांबाच्या चार बोटं अलीकडेच थांबला.

"घर्षण काढून टाक, म्हणजे दरवेळी खांबापर्यंत येईल," त्या म्हणाल्या.

"कुठं काढायचं बाई?"

"कागदावर," त्या हसून म्हणाल्या. मीही हसलो.

आता मागाची एक गोष्ट सांगतो. ताण्याचा उभा धागा बाण्याच्या आडव्या धाग्यांच्या खालीवर वळत जातो, म्हणून शंभर वार ताण्यातून शंभर वार कापड कधीच उतरत नाही. किती निघेल असं कुणी विचारलं, की आम्ही मनातल्या मनात घट वजा करायचो आणि मगच तोंड उघडायचो. घट न धरता आकडा सांगणारा नवखा समजला जायचा. पाच वर्षांत ही सवय हाडात मुरली होती.

पेपरात गणित आलं. गुळगुळीत उतारावर दोन मीटर उंचीवरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर किती उंच जाईल? घर्षण नाही असे धरा. मी वरची ऊर्जा मांडली, खालची मांडली, उत्तर दोन मीटर आलं. मन धजेना. इतकं पूर्ण कधी काही परत येतं का? खाली लिहिलं, घट वजा जाता पावणेदोन मीटर. पुढच्या दोन्ही गणितांत तेच केलं आणि समाधानाने उठलो.

विज्ञानात थोडक्यात नापास झालो. निकाल कळला त्याच आठवड्यात शेठनी ऑफिसातल्या जागेवर आपल्या ओळखीचा एक मॅट्रिक पोरगा बसवला. त्यांचं काही चुकलं नाही. जागा एकच होती, आणि तोंडच्या शब्दावर ते किती थांबणार?

बाईंना सगळं सांगितलं.

"घर्षण नाही, असं लिहिलं होतं ना रे?"

"होतं बाई."

"मग वजा का केलंस?"

"मागावरची सवय बाई, हात थांबला नाही."

चूक माझीच, मी तुला आधी मागाबद्दल विचारायला हवं होतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी स्वतःला दोष द्यावा, हे मला सहन होईना. मी मान खाली घातली. त्या पुढे बोलत राहिल्या, बहुधा ऑक्टोबरच्या परीक्षेबद्दल. वर पाहिलं तेव्हा त्या उत्तराची वाट बघत होत्या. काय विचारलं होतं, ते ओठ न बघता मला ऐकू आलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि पाळीवर जायला उठलो.