पिवळं गाव

जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात मी कंत्राटी नोकरीला होते. गावोगावच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार किती, याचे आकडे माझ्याकडे यायचे आणि मी त्यांचे नकाशे करायचे. आमचं गाव वरवट बकालकडचं, पाणी खारट. दादाच्या किडन्या त्या पाण्यानंच गेल्या असं घरात सगळे धरून चालतात, डॉक्टर मात्र नक्की सांगत नाहीत. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं.

त्या उन्हाळ्यात तालुक्याचा नकाशा करायचा होता. लाल रंग कोणत्या आकड्यापासून सुरू करायचा, हे मीच ठरवायचं. ती सीमेची रेघ मी जरा खाली ओढली. आमचं गाव लालात आलं. लालही साधा नाही, वाळलेल्या रक्ताचा निवडला.

साहेबांनी स्क्रीनवर आमच्या गावावर बोट ठेवलं. "हा नकाशा आहे की तुमचा राग?"

मी आकड्यांची यादी पुढे केली.

"बैठकीत एवढा लाल चालणार नाही. रंगांचे गट बदला, कुठला आकडा कुठल्या रंगात ते."

मी बदलले. एकही आकडा खोटा केला नाही, फक्त रेघा वर सरकवल्या. गाव पिवळं झालं.

नकाशा मोबाइलवर फिरत गावात पोचला. रविवारी घरी गेले तर दादा म्हणाला, "आपलं गाव पिवळं काऊन वं? बाजूच्या काकूनं इकतच्या पान्याचे कॅन बंद केले. म्हनते, सरकारनंच सांगतलं, पानी बरं हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. आधीचा लाल, नंतरचा पिवळा. तो चिडेल असं वाटलं होतं. हातावरची पट्टी चाचपत तो एवढंच म्हणाला, "दोन्ही खेपेला तूच ठरवलं. मंग खरं कोनतं?"

सोमवारी मी रंग काढूनच टाकले. गावातल्या प्रत्येक विहिरीचा एक काळा ठिपका, क्षार जितके जास्त तितका वर, आणि पिण्याच्या पाण्याची ठरलेली मर्यादा दाखवणारी एक आडवी रेघ. साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला. मी स्वतःच छापून घेतला आणि पुढच्या रविवारी गावातल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर चिकटवला.

काकू आल्या. मी त्यांच्या विहिरीचा ठिपका दाखवला. तो रेघेच्या कितीतरी वर होता.

"हे रेघ कोनं मारली?"

"ही मी नाही मारली, काकू. ही सगळीकडे एकच असते."

"मांगच्या नकाशातल्या तर तूच मारल्या होत्या ना? तुह्या दादानं सांगतलं."

"हो."

त्यांनी दळणाचा डबा उचलला. "मंग मी कायच्यावर भरोसा ठेवू?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. कॅन त्यांनी अजून सुरू केलेले नाहीत.