वाळूच्या साहेबांसाठी तोललेली गाडी

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळचे सत्र. मोटार क्लबच्या ट्रॅकवर, गाड्या तोलण्याच्या ओट्यापाशी, ध्वनिक्षेपक हाती असलेल्या निवेदकाने माझ्या धाकट्या भावाच्या शरीराविषयी दोन वाक्ये उच्चारली. कठड्याला टेकलेले लोक हसले. कोणीतरी तो प्रसंग फोनवर टिपला. ही माझी तक्रार आहे. ती मी क्लबच्या कार्यालयात लेखी दिली होती. प्रकार खेळीमेळीचा होता, तक्रारदार बाईंनी थोडी विनोदबुद्धी दाखवावी, असे उत्तर आले. म्हणून तीच तक्रार आता क्लबच्या वार्षिकांकात, सभासदांसमोर मांडते आहे. संपादकांनी जागा दिली याबद्दल त्यांचे आभार. "जरा हलकंफुलकं लिहा" हा त्यांचा सल्ला मात्र मी मानलेला नाही.

ज्याला तुम्ही हसलात तो माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक नसावे. ते सांगणे तक्रारीचाच भाग आहे.

माझा भाऊ शिंपी आहे. गिऱ्हाईक त्याला मास्टर म्हणते आणि आता घरातही तेच नाव रूढ झाले आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: कापण्याचे लांब टेबल, दोन शिलाई यंत्रे, एक उंच आरसा. एका यंत्रावर तो बसतो, दुसऱ्यावर माझी भावजय. या दुकानाची एक रीत आहे आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मास्टर कोणाचेही माप मोठ्याने उच्चारत नाही. माणूस आरशासमोर उभा राहतो, मास्टर त्याच्या कमरेभोवती टेप फिरवतो, हवापाण्याच्या गोष्टी काढतो आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे डाव्या हाताची बोटे उघडतो, मिटतो. आधी दशकाचा आकडा, मग एककाचा; शून्याला मूठ. भावजय यंत्रावरून मान वर करून ती बोटे वाचते आणि खडूने कापडाच्या कोपऱ्यावर आकडा टाकते. गेल्या खेपेपेक्षा कंबर चार इंचांनी वाढलेला माणूसही या दुकानातून ताठ मानेने बाहेर पडतो. "कापड जरा आटतं, म्हणून सैल ठेवतोय," एवढेच मास्टर त्याला सांगतो.

मी एकदा म्हटले होते, "अरे, वाढली तर वाढली म्हणून सांग की. लोकांना कळायला नको?"

"ताई, त्यांना कळलेलं असतंच," तो म्हणाला. "आपण कशाला साक्षीदार व्हायचं?"

या माणसाला मोटारीचा नाद लागला. जुनी, लहान, चार दारांची गाडी त्याने घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅकवर पळवण्यासाठी ती सोलायला सुरुवात केली. सोलणे हा शब्द त्याचाच. मागची सीट गेली, दारांचे अस्तर गेले, रेडिओ गेला, हीटर गेला, काचांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे आले. गाडीच्या तळाला आवाज दाबण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो. तो उन्हात मऊ पडून हाताला चिकटतो, म्हणून मास्टर त्यावर बर्फ पसरून थर कडक करायचा आणि छिन्नीने ढलप्या उडवायचा. मोठी भारी वस्तू काढून झाली की लहान वस्तूंकडे वळायचा. ज्या पट्टीवर भार नाही, तिला भोके पाडायची. जो बोल्ट उगाच लांब आहे, तो कापायचा. दाराच्या आतल्या बाजूला लोखंडाऐवजी त्याने स्वतः शिवलेले कॅनव्हास लावले, दुहेरी टीप घालून.

सुरक्षेचा नळ्यांचा पिंजरा शेजारच्या वेल्डरने बसवून दिला. पिंजऱ्यामुळे थोडे वजन परत वाढले तेव्हा मास्टर दिवसभर उदास होता.

"मास्टर, जीव वाचवायला दिलेलं वजन आहे ते. त्याचा कसला हिशोब करताय?" वेल्डर म्हणाला.

"तुझ्या नळ्या जरा जाडच आहेत रे."

"मग काय, विजार शिवतोय मी? नळीला अल्टर करता येत नाही!"

भावजय चहा घेऊन शेडमध्ये यायची आणि विचारायची, "आज काय काढलं? बाकीच्या बायका नवऱ्याला विचारतात, काय आणलं. माझं नशीबच उलटं."

पण वजन उतरवणे हे निम्मेच काम. उरलेले वजन चारही चाकांवर नीट वाटले गेले पाहिजे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी एक पाय आखूड असलेले टेबल डोळ्यांपुढे आणावे. टेबल उभे राहते, पण भार तिरप्या दोन पायांवरच जातो आणि कोपऱ्यावर हात टेकला की ते डुगडुगते. गाडीचेही तसेच. प्रत्येक चाकाखाली एकेक काटा ठेवतात, स्प्रिंगखालची कडी फिरवून एकेक कोपरा केसभर उचलतात किंवा उतरवतात, बॅटरीसारखी जड वस्तू इकडची तिकडे करतात. हे सारे चालक जागेवर बसलेला धरून करायचे असते, कारण एवढ्या हलक्या गाडीत सर्वांत जड सुटी वस्तू चालकच असतो.

क्लबने चार काटे काही दिवसांसाठी घरी नेऊ दिले. वेल्डर म्हणाला, "बसा मास्टर आत, आपण लावू कड्या."

"मी आत बसलो तर बाहेरून बघणार कोण?" मास्टर म्हणाला. "सगळे लोक वाळूच्या पिशव्या ठेवतात."

कारण खरे होते. म्हणूनच ते सोयीचे होते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात वाळूचा माणूस शिवायला बसला. साध्या पिशव्या सीटवर नीट बसत नाहीत, म्हणून त्याने जाड कॅनव्हासचे धड केले, मांड्या केल्या, पोटऱ्या केल्या. सांध्यांवर चुण्या घातल्या, म्हणजे आकृती गुडघ्यात वाकावी. शिवण इतकी सुबक की भावजय म्हणाली, "अहो, याला कोट तेवढा घालायचा राहिला." वाळू भरून गाडीत बसवल्यावर वेल्डरने त्याला सलाम ठोकला आणि त्याचे नाव साहेब पडले. "साहेबांना जरा मागे सरकवा." "साहेब चहा घेणार का?" शेडमध्ये अशी थट्टा चालत असे. मीही हसले आहे.

साहेबांचे वजन बहात्तर किलो होते. कंबर बारीक, पोट सपाट, खांदे भरलेले. लग्नातल्या छायाचित्रात माझा भाऊ असा दिसतो.

भावजयीने ते पहिल्याच नजरेत ओळखले होते. जिचा संसार लोकांच्या कमरा ओळखण्यावर चालतो तिला कोण फसवणार? पण त्या घरात कोणाचेही माप मोठ्याने बोलायचे नाही, ही रीत. नवऱ्याचे तर मुळीच नाही. तिने साहेबांच्या पोटावरची टीप एकदा बोटाने चाचपली, "छान बसलंय," म्हणाली आणि आत गेली. वेल्डर परका; त्याला वाटले, मास्टरला आपले वजन ठाऊक असणारच. अशा रीतीने, ज्या माणसाने बोल्टचे टोक कापून चिमूटभर लोखंड वाचवले होते, त्याने स्वतःपैकी एकोणतीस किलो शेडच्या बाहेर ठेवले आणि त्या घरात कोणी ब्र काढला नाही. गाडी अचूक तोलली गेली. फक्त ती ज्याच्यासाठी तोलली तो माणूस आता अस्तित्वात नव्हता. काट्यांवर आलेली एकूण बेरीज मास्टरने सत्राच्या अर्जात भरली: गाडीचे वजन, चालकासह.

आता ९ नोव्हेंबर.

क्लबचा नियम सभासदांना ठाऊक आहे. गाडी चालकासह ओट्यावर घेतात आणि अर्जातला आकडा पडताळतात. शेजारच्या फलकावर तांबडे अंक सर्वांना दिसतील असे झळकतात. मास्टर पट्टे आवळून आत बसला होता. अंक स्थिरावले आणि अर्जातल्या आकड्याच्या पुढे गेले.

तपासनीसांनी दार उघडले. "गाडीत काही सुटं सामान आहे का?"

"नाही."

"हत्यारं? जॅक?"

"काही नाही."

तपासनीसांचा मला राग नाही. सुटे वजन गाडीत राहिले तर ते जिवावर बेतते, आणि शोधणे त्यांचे कामच होते. त्यांनी मागचा भाग पाहिला, सीटखाली हात घातला, बोनेट उघडले, भोके पाडलेल्या पट्ट्यांमधून विजेरी फिरवली. माझ्या भावाने सहा महिने घालून रिकामी केलेली गाडी ते रिकामी आहे का म्हणून तपासत होते आणि तो मध्ये बसून होता. एक शब्द बोलला असता तर शोध थांबला असता. कठड्यापाशी भावजयीने माझा हात घट्ट धरला होता. "वन्सं, मी जाऊन सांगू का?" ती पुटपुटली, आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात निवेदक बोलला. मी शब्दशः देते.

"मंडळी, चोरटा माल सापडला! मास्टरांच्या पट्ट्याच्या आत आहे!"

हशा पिकला. हशा ओसरायच्या आत दुसरे वाक्य आले.

"मास्टर, सगळ्या गाडीला भोकं पाडलीत, दोन-चार स्वतःला पण पाडून घ्यायची!"

मास्टरने मान वळवली नाही. त्याने हेल्मेटची काच खाली ओढली. उभ्या गाडीत, ओट्यावर, इंजिन बंद असताना. त्या चित्रफितीत एवढाच भाग पुन्हा पुन्हा दाखवला जातो, खाली गाणे जोडून, असे मला समजते.

तपासनीस हळू आवाजात त्याला म्हणाले, "अहो, जास्त असलं तर बिघडत नाही. नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन खरा आकडा सांगा आणि गाडी घ्या ट्रॅकवर." टेबलापाशी रांग होती. मास्टर म्हणाला, "गाडीत बिघाड आहे." गाडीत कसलाही बिघाड नव्हता. ट्रॅकचे एक वळणही न घेता ती टेम्पोवर चढली.

लाज ही एकट्याची राहत नाही, ती परतताना टेम्पोत सर्वांना पुरली. वेल्डरला वाटत होते, आपण वजन विचारायला हवे होते. भावजय खिडकीबाहेर पाहत होती. मी मनातल्या मनात तक्रारीचा मसुदा करत होते, कारण मला दुसरे काही येत नाही.

चित्रफीत दुकानात पोहोचायला फार काळ लागला नाही. एक जुने गिऱ्हाईक कोटाचे माप द्यायला आले. मास्टरने टेप फिरवला, हवेचा विषय काढला, हात पाठीमागे नेला. गिऱ्हाईक आरशात पाहून डोळा मिचकावत म्हणाले, "मास्टर, आता मोठ्यानंच बोला की! तुमचं तर सगळ्या गावानं ऐकलंय, आमचं कशाला झाकता?"

मनुष्य वाईट नव्हता. मास्टर हसलासुद्धा. पण टेप त्याच्या हातून सुटला, आणि त्या दिवसापासून माप घ्यायला भावजय उठते. तो पडद्यामागे काज करत बसतो.

साहेब तोवर शेडमध्ये गाडीत तसेच बसून होते. एका सकाळी भावजयीने वेल्डरच्या आणि माझ्या हातभाराने त्यांना बाहेर काढले, टेबलावर आडवे केले आणि पोटाची टीप उसवली. मास्टर धावत आला.

"अगं, काय करतेस?"

"अल्टर," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची कंबर वाढली की आपण काय करतो? कापड जोडतो. हाकलून देतो का?"

मग वेल्डरच्या दुकानातला लोखंड तोलण्याचा काटा त्याने शेडमध्ये आणवला. आम्हाला बाहेर जायला सांगितले नाही, पण काट्यावर चढताना आमच्याकडे पाठ केली. खाली पाहिले. आणि डावा हात पाठीमागे नेऊन बोटे दाखवली: एक बोट, मूठ, एक बोट.

भावजयीने मान हलवली. एक अक्षर न बोलता तिने कॅनव्हासचा रुंद तुकडा कापला, साहेबांच्या पोटाला जोडला आणि वाळू भरायला घेतली. वेल्डरने त्या दिवशी एकही विनोद केला नाही; त्याच्या ओळखीत हे प्रथमच घडले असावे.

नंतर कड्या पुन्हा फिरल्या. उजवी बाजू भारी झाली होती, म्हणून बॅटरी डाव्या टोकाला नेली, सीट बोटभर आत सरकवली, पुढचा एक कोपरा उतरवला. काट्यांवर तिरप्या जोड्या सारख्या आल्या. मग साहेबांना उतरवून मास्टर स्वतः आत बसला आणि म्हणाला, "ताई, तू वाच." मी चारही आकडे वाचले. ते हलले नव्हते. गाडी आता माझ्या भावाची आहे, जसा तो आहे तशा भावाची.

मी म्हटले, "मग पुढच्या सत्राला नाव देऊ या ना?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. "गाडी झाली, ताई. पण तिथल्या प्रत्येकाच्या खिशात मी आहे. पुन्हा नाही जमायचं." आणि तो गाडीवर आच्छादन घालू लागला, ते त्यानेच शिवले आहे, चारही कोपऱ्यांना नाडी लावून.

क्लबने क्षमा मागावी, तोलण्याचा फलक झाकावा, या मागण्या मी कार्यालयाकडे केल्या आहेत आणि त्यांचा पाठपुरावा मी करीन. वाचकांकडे माझी मागणी निराळी आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये ती चित्रफीत आहे. ती पुसून टाका. ज्यांना पाठवली त्यांनाही पुसायला सांगा. हा अंक खाली ठेवण्यापूर्वी.