कुलकर्णीबाईंची साखर

रविवारची दुपार आहे. वरणभातावर तूप अंमळ जास्त पडलंय आणि सौमित्र पलंगावर आडवा होऊन झोपेची वाट पाहतोय. झोप येते, उंबऱ्यात घुटमळते, आणि चहाला थांबणार नाही म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी परत जाते. कारण पायाशी कुलकर्णीबाई आहेत. त्या उठतात, पाणी पिऊन येतात, बसतात, आणि पुन्हा पाणी प्यायला उठतात.

कुलकर्णीबाई ही मांजर आहे. पिल्लू असताना कुलकर्ण्यांच्या भिंतीवर सापडली म्हणून हे नाव. खालच्या मजल्यावरच्या खऱ्या कुलकर्णीबाईंना ते अजून कोणी कळवलेलं नाही. आता बाई तेरा वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे.

जनावरांचे डॉक्टर तांबोळी यांनी दूध, भात, पोळी आणि ते पाकिटातले कोरडे दाणे, सगळं बंद केलंय. डब्यातला ओला खाऊ आणि वर थोडं उकडलेलं चिकन, ठरल्या वेळी, इंजेक्शनच्या सोबत. घर शाकाहारी. त्यामुळे चिकन गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं, आणि त्या वेळी सौमित्रची आई देवाच्या खोलीचं दार ओढून घेते. इतकं करूनही साखर खाली यायचं नाव घेत नाही.

काल तांबोळी म्हणाले, "सोमवारी आणा. डोस वाढवू. पण आधी नीट आठवा, घरात कुठून काही मिळतंय का तिला? तसं असेल आणि मी डोस वाढवला, तर ज्या दिवशी ते मिळणार नाही त्या दिवशी साखर एकदम खाली जाईल. मांजर हातची जाईल."

"आमच्या घरात गोड शिल्लक राहत नाही," सौमित्र म्हणाला होता. "राहिलं असतं तर मीच खाल्लं असतं."

उद्याच सोमवार. तो कूस बदलतो. पंखा घरघरतो. घरघरीतून हळूहळू शब्द येऊ लागतात: सांगली जत, सांगली जत, विनाथांबा.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," पंखा म्हणतो. "कुलकर्णीबाई यांची साखर चारशे वीस. फलाट क्रमांक पाच."

सौमित्र एसटी स्टँडवर उभा आहे, पायात बाथरूमच्या चपला. बाकावरच्या सगळ्या बायका माना हलवतात. "वाढली हो," एक जण शेजारणीला सांगते आणि पुन्हा भुईमुगाच्या शेंगा सोलू लागते.

कंट्रोलरच्या केबिनमध्ये, माइकपुढे, अप्पा बसले आहेत. अप्पा म्हणजे आईचे वडील. उभा जन्म एसटीत कंट्रोलर म्हणून काढला, शेवटची वर्षं लेकीकडे राहिले, आणि गेल्या साली गेले. मधुमेह त्यांनाही होता. गळ्याला मफलर आहे, बाहेर ऊन मी म्हणत असताना.

"अप्पा, माइकवर नको हो. घरातली गोष्ट आहे."

"मग आत ये की. बाहेर उभा राहून बोंब कशाला मारतोस?"

आत तांबोळींचा दवाखाना आहे. पत्र्याच्या थंड टेबलावर अप्पा पाय लोंबकळत सोडून बसलेत, तपासायला आणल्यासारखे. वजनकाट्याचा काटा जागचा हलत नाही.

"अप्पा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. दुपारचा येतो फक्त. जेवायला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी. तुझी आई माझ्या फोटोखाली वाटी ठेवते ती काय शोभेला?"

वाटी. आई रोज जेवणं झाली की फोटोखाली गोडाची वाटी ठेवते आणि पडायला जाते. संध्याकाळी वाटी रिकामी असते. नैवेद्याचं पुढे घरातल्याच कुणीतरी खायचं असतं, म्हणून त्यानं कधी विचारलं नाही.

"ती आई खाते," तो म्हणतो.

"तिला वाटतं तू खातोस. ती म्हणते, पोरगं आजोबांची आठवण काढून खातंय, खाऊ दे. दोघंही मोठी समंजस. एकमेकांना विचाराल तर शपथ."

"मग खातं कोण?"

अप्पा मफलरशी चाळा करतात. "हे बघ, रीतसर कावळाच मागितला होता मी. पण तुमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी. तो येणार कसा? मग घरात जी गाडी उभी होती तीच धरली."

गाडी सुरू झालीय. टेबलाचं बाक झालंय, खिडकीतून मिठाईची दुकानं पळताहेत, एकामागून एक, सगळी एकाच मालकाची. सौमित्रला उतरायचंय. उद्याच्या आत उतरायलाच हवं. तो दोरी ओढतो, घंटी वाजते आणि गाडी आणखी जोरात पळते.

"अप्पा, ती मरेल."

"ओरडू नकोस, लोक झोपलेत."

गाडीत दुसरं कोणी नाही.

"डॉक्टर उद्या डोस वाढवणार आहेत. तुम्ही एक दिवस दांडी मारलीत तरी ती जाईल."

"दांडी?" अप्पांना ते लागतं. "कंट्रोलर होतो मी." मग ते खिडकीबाहेर बघत राहतात. "सौम्या, तुझ्या आईनं मला शेवटी शेवटी कारल्याचा रस पाजला. साखरेचा डबा कपाटात, किल्ली कमरेला. दिवाळीला मला फुटाणे. बरोबरच होतं तिचं. पण मी गेल्यावर ती कपाटापुढे बसून रडली, ते तू पाहिलं नाहीस. आता ती दूध आटवत उभी राहते. पाय दुखतात तरी. मी काय सांगू तिला, नको म्हणून?"

गाडी घाट चढतेय, आणि घाटाच्या वळणावळणावर त्यांच्याच स्वयंपाकघराची खिडकी येते. खिडकीत आई, पाठमोरी, पातेल्यात डाव फिरवतेय.

"निदान चांगलं तरी झालेलं असतं का?" तो विचारतो, काहीतरी बोलायचं म्हणून.

अप्पा खाली झुकतात, आवाज उतरवतात. "तिला सांगणार नसशील तर सांगतो. बासुंदी झाली, श्रीखंड झालं, शेवयांची खीर झाली. एकाचीही गोडी जिभेला लागली नाही. मला वाटलं, मेल्यावर जीभ अशीच होत असेल. कुणाला विचारणार?"

"मांजराला गोड कळतच नाही, अप्पा. तांबोळी म्हणाले. ती चवच नसते त्यांना."

गाडी थांबते. इंजिनाची घरघरही थांबते.

"मग बाई एवढं चाटूनपुसून कशाला खातात?"

"सायीसाठी."

"आणि साखर?"

"साखर तिच्या रक्तात."

अप्पा मफलर सोडून पुन्हा गुंडाळतात. "म्हणजे मला तोच रोग दुसऱ्यांदा झाला," ते म्हणतात. "आणि तोही फुकट."

ते उठतात. पुन्हा केबिन आहे, माइक आहे, बाकावर त्याच बायका, शेंगा अजून संपलेल्या नाहीत. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. दुपारची जेवणाची गाडी आजपासून कायमची रद्द. गैरसोयीबद्दल कंट्रोलर दिलगीर आहेत." बायका कुरकुरत पिशव्या उचलतात.

"पुन्हा भेटाल ना?" सौमित्र विचारतो.

"वाहन मिळालं तर." अप्पा त्याच्या खांद्याशी येतात आणि त्याच्याच बाहीला तोंड पुसतात, इकडून एकदा, तिकडून एकदा. मग खांद्यावर जड काहीतरी बसतं.

कुलकर्णीबाई. त्या त्याच्या खांद्यावर पुढचे पाय रोवून बाहीला मिशा घासताहेत, इकडून एकदा, तिकडून एकदा. खिडकीत उन्हं कललीत. सौमित्रच्या बाहीवर पिवळसर ओला ओघळ आहे, बोट लावलं तर चिकट.

तो तसाच बाहेर येतो. आई नुकतीच उठून केस बांधतेय. तो दंड तिच्या नाकासमोर धरतो.

आई वास घेते. "वाटी तू नाही संपवलीस?"

"मला वाटायचं तू संपवतेस."

दोघंही खाली बघतात. कुलकर्णीबाई पाणी पीत असतात.

आई खुर्चीत बसते. हात मांडीवर, तळवे वर. "रोज देत होते रे मी," ती म्हणते. "हिला. रोज."

"अप्पा आले होते आत्ता. आता पुरे म्हणाले."

तिला ते खरं वाटतंय की नाही, कळत नाही. ती फोटोकडे बघत नाही, त्याच्या बाहीकडेच बघते. "त्यांना आवडलं होतं का पण?"

सौमित्र बाही सरळ करतो.

"साय फार आवडली."

"हं. साय त्यांना आवडायचीच." ती उठते, फोटोखालची रिकामी वाटी उचलते. "डॉक्टरांना फोन लाव. सांग, सापडलं. उद्या डोस वाढवू नका म्हणावं."

जाता जाता ती त्याची बाही चिमटीत धरून पुन्हा एकदा हुंगते.

"वेलदोडा जरा जास्तच पडला होता," आई म्हणते, आणि वाटी घेऊन आत जाते.