राजूर बंद करण्याआधी

राजूरचं संकलन केंद्र बंद करा, असं माझ्या गणिताने सांगितलं, म्हणून मी राजूरला निघाले. डोंगरातल्या गावांतून औषधाला लागणारा हिरडा गोळा करणाऱ्या एका संस्थेसाठी मी हे काम करते: केंद्रं किती ठेवायची, कुठे ठेवायची, म्हणजे वाहतूक स्वस्तात पडेल. उत्तर आलं, अकोले या तालुक्याच्या गावचं एक केंद्र पुरे. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता, आणि नगरजवळ केडगावच्या घरात एकटीने बसून मी ज्या गावांचा निकाल लावला, त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं.

जाणार असाल तर नगरहून सकाळची संगमनेर एसटी पकडा. बायकांना तिकीट अर्धं, खिडकी मात्र नशिबात असली तर. संगमनेरला वडापाव खाऊन घ्या. पुढे गाड्या बदलण्यात वेळ जातो. अकोल्यानंतर डोंगर एकदम जवळ येतात. कोणाला तरी "ते बघा" म्हणावंसं वाटलं, पण शेजारची बाई आधीच उतरून गेली होती.

राजूरला बाजार होता. केंद्रावर ठकूबाई नावाच्या आजी हिरड्याचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. गावाहून गाडीने किती वेळ लागतो, मी विचारलं.

"गाडी कुठं येती? डोंगार उतरून आले. दीड तास."

गणितात मी त्यांचं गाव वळशाच्या गाडीरस्त्याने जोडलं होतं. त्या हिशेबाने राजूर काय नि अकोले काय, सारखंच लांब. पायवाट मी धरलीच नव्हती. लाज वाटली.

"आणि केंद्र अकोल्याला नेलं तर?"

"मंग न्हाई आणायची हिरडा. हितं माझी भन येती पल्याडच्या गावची. बाजाराला तेवढी भेट. अकोल्याला माझं कोन हाय?"

तेवढ्यात बहीण आलीच. दोघींनी एका कागदावर भजी घेतली, दोन मलाही दिली. मग त्या बोलत राहिल्या आणि मी बाजूला उभी राहून भजी खाल्ली. फार एकटं वाटलं.

घरी येऊन पायवाटा घातल्या. उत्तर बदललं, राजूर राहिलं. संस्थेनेही मान्य केलं. ठकूबाईंच्या बहिणीचं अहवालात काही लिहिलं नाही. गणितात ते मांडता येत नाही.

माझी थोरली बहीण भिंगारला असते. रिक्षाने फार तर अर्धा तास. वडिलांच्या तेराव्यानंतर आम्ही भेटलेलो नाही. राजूरहून येऊन तीन आठवडे झाले, मी अजून गेलेले नाही.