पुसायला चालणारा हात

"काढ ते."

ग्लोव्हज मी नुकतेच घातले होते. आयुष्यात पहिल्यांदा. कॉलेजच्या जिमखान्याची पत्र्याची शेड. सकाळची वेळ. समोर आमच्या बॉक्सिंगच्या संघाचा कप्तान, राहुरीकडच्या बागायतदाराचा मुलगा. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. सदऱ्याला चिकटलेलं कुसळ काढायला सांगावं तसं म्हणाला, "काढ ते. तुझा घाम आत मुरला तर आम्ही काय करायचं? चामडं धुता येत नाही."

मी काढले. मुलं बघत होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर निदान भांडता आलं असतं. कप्तानानं ते ग्लोव्हज दोन बोटांत धरून बाहेर नेले आणि शेडच्या पत्र्यावर फेकले. उन्हात. शुद्ध व्हायला.

दुपारी हवालदार आले. आम्हाला शिकवायचे ते. पलटणीतून निवृत्त झालेले, भिंगारला राहायचे. वर नजर गेली आणि कडाडले, "चामडं उन्हात कुनी टाकलं? भेगा पडत्यात त्याला."

कप्तानानं कारण सांगितलं. सरळ, न लाजता.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मग सावलीत टाकायचं हुतं."

एवढंच.

माझा बाप चांभारकी करायचा. पारनेरच्या पलीकडं आमचं गाव. मोटा, चपला, बैलांचे पट्टे शिवायचा. त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरी कोरड्या, मोटा भिंतीला टांगलेल्या. आई आणि बाप दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मी नगरला आमच्या समाजाच्या बोर्डिंगात राहून शिकत होतो. बोर्डिंगातली मुलं बॉक्सिंगला येत नसत. मी एकटाच गेलो. दोरीच्या आत दोनच माणसं असतात, तिथं कुणाची जात येत नसेल, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू सध्या पोत्यावर सराव कर. आन ग्लोव्हजची निगा तुझ्याकडं. तुझ्या हाताला चामड्याची सवय हाय."

मला तो मान वाटला. खोटं कशाला सांगू.

त्यांनी मला मन लावून शिकवलं, हे पण सांगितलं पाहिजे. नवशिक्यानं हलके ग्लोव्हज घ्यायचे नाहीत, भरीव घ्यायचे. हात आत घालून मूठ वळवून बघायची. बोटं टोकापर्यंत पोचली पाहिजेत, पण चेंगरता कामा नयेत. पुढचा भाग अंगठ्यानं दाबायचा. आत भरलेल्या घोड्याच्या केसांच्या गाठी झाल्या असतील आणि मुठीची हाडं वरून लागत असतील, तर तो ग्लोव्ह बाद. त्यानं आपलं बोट मोडतं आणि समोरच्याचा डोळा फुटतो. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या ज्याच्या त्याच्या, रोज धुवायच्या. दातात धरायचं रबरही ज्याचं त्याचं. ग्लोव्हज मात्र जिमखान्याचे, म्हणजे सगळ्यांचे. खेळ संपला की आतून कोरड्या फडक्यानं पुसायचे, तोंड उघडं ठेवून वाऱ्याला टांगायचे, ओल राहिली तर रद्दीचे बोळे कोंबायचे. आठवड्यातून एकदा वरून एरंडेलाचं बोट फिरवायचं. जास्त नाही. चामडं तेलानं लिबलिबीत होतं.

माझ्या पट्ट्या आईच्या जुन्या लुगड्याच्या होत्या. त्या गुंडाळून मी वाळूच्या पोत्यावर मारायचो. गोणपाटानं बोटांची कातडी जायची. पलीकडं दोरीच्या आत मुलं लढत असायची. मला कधी कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी ती हॉटेलात चहाला जायची, आणि मी एकटा शेडमध्ये बसून त्यांचे ग्लोव्हज पुसायचो. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं असायचं नाही. बोर्डिंगात गेल्यावर तिथली मुलं म्हणायची, आला त्यांच्यातला. मी त्यांच्यातला नव्हतो. यांच्यातलाही राहिलो नव्हतो.

असे कितीतरी महिने गेले.

एका संध्याकाळी कप्तान काहीतरी विसरलं म्हणून परत आला. मी त्याचाच उजवा ग्लोव्ह पुसत होतो. दारातूनच म्हणाला, "आतून नीट पूस रे. काल ओलसर लागत होता. अगदी बोटांपर्यंत हात घाल."

आणि गेला.

माझा हात मनगटापर्यंत आत होता. त्याच्या घामात. मी तसाच बसून राहिलो. पुसायला माझा हात आत चालत होता. अगदी बोटांपर्यंत चालत होता. लढायला चालत नव्हता. इतके महिने मी याला मान समजत होतो. शरम आली, आणि मग शरमेचा राग आला.

सुट्टीत मीही खडी फोडायला गेलो. आईनं माझी बोटं बघितली. म्हणाली, "हे रं काय? शाळा शिकतूस का दगडं फोडतूस तिथं?"

मी सगळं सांगितलं. बाप ऐकत होता. हातोडा खाली न ठेवता म्हणाला, "मग तुझं तू घे इकत. कुनाच्या वस्तूला हात लावू नगं."

मला पटलं. त्या मजुरीतून मी भिंगारच्या जुन्या बाजारातून ग्लोव्हजची जोडी घेतली. पलटणीतून निघालेली, तपकिरी. ढीगभर जोड्यांतून निवडली. मूठ वळवली, अंगठ्यानं दाबलं, शिवणीत नख घालून बघितलं. एका ठिकाणी उसवलं होतं, ते बापाच्या सुईनं शिवलं. बोर्डिंगात उशाशी घेऊन झोपायचो.

जिमखाना सुरू झाला. मी माझी जोडी घेऊन गेलो. कप्तानानं ती बघितली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसला. मनापासून हसला. म्हणाला, "हे बेस केलंस. आता तुझं तुला झालं. चल, आज लढू आपण."

हवालदारांनाही हायसं वाटलेलं दिसलं. म्हणाले, "सुटला परश्न."

मी इतके दिवस ज्याची वाट बघत होतो, ते समोर होतं. दोरी ओलांडायची आणि आत जायचं. पण त्याचं ते 'तुझं तुला' कानात अडकलं. आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर कुडाला आमची कपबशी टांगलेली असायची. आपण घ्यायची, चहा पिऊन विसळायची, परत टांगायची. ती पण आमची आम्हाला होती. मी मजुरी करून तसलीच कपबशी विकत आणली होती. निवडून आणली होती.

मी आत गेलो नाही. कोपऱ्यात जिमखान्याची पेटी होती. माझी जोडी मी तिच्यात टाकली, सगळ्यांच्या ढिगात. म्हणालो,

"हे आता सगळ्यांचे. ज्याला बसतील त्यानं घालावेत. मी पण पेटीतलेच घालणार, हाताला येतील ते. आणि पुसायचं आजपासून पाळीनं."

कप्तानाचं हसू गेलं. "मग तुझ्याशी कुणी लढणार नाही."

"नका लढू."

हवालदार जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "पोरा, हट करू नगं. चांगलं जमत आलं हुतं."

"तुम्हीच शिकवलं, ग्लोव्हज सगळ्यांचे."

ते खिडकीकडं वळले.

मी पेटीतून एक जोडी काढली. जिमखान्याची होती, काळी. डावा घालून नाडी बांधली. उजव्याची नाडी एका हाताला ग्लोव्ह असताना बांधता येत नाही, दुसरं माणूस लागतं. मी कुणाला म्हटलं नाही. दातांनी ओढली, मनगटाला कशीबशी गुंडाळली आणि दोरीखालून आत गेलो. कुणी आलं नाही. एकेक करून मुलं बाहेर पडली. मी हात वर धरून उभा राहिलो, हवालदारांनी शिकवलं होतं तसा, हनुवटी खाली, डावा पाय पुढं.

त्या वर्षी मला एकही लढत मिळाली नाही. संघ माझ्याशिवाय पुण्याला गेला. मी रोज येत होतो. रोज पेटी उघडून हाताला येईल ती जोडी घालत होतो. ज्याला माझा घाम चालत नाही, त्यानं बाहेर जावं. मी जाणार नाही.